हातचा एक

पहिल्यांदा त्याला वाटलं, आपणच एक ओळ गाळली. सकाळचे साडेदहा वाजले होते, कपातल्या चहावर साय धरली होती, आणि रेघांच्या वहीत त्याच्याच अक्षरात तान्ह्या बाळांच्या एका जुन्या वजनकाट्याचा प्रोग्रॅम उतरलेला होता. एका ओळीवर एक हुकूम, शेजारी त्याचा अर्थ. नवशिक्याने पहिले काही महिने एवढंच ध्यानात ठेवायचं असतं की चूक चिपची नसते, आपली असते. म्हणून त्याने बोट मागे नेलं, पान उलटलं, संगणकावरचे मूळ आकडे वहीशी पुन्हा ताडून पाहिले. ओळ गाळलेली नव्हती. ती मुळात लिहिलेलीच नव्हती. लिहिणारा विसरला होता. त्या जागेवर बोट ठेवून तो बसून राहिला. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं आणि दुसरं कुणीतरी ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणत होतं. ते ऐकता ऐकता त्याने त्या जागेभोवती पेन्सिलीने गोल केला.

निवृत्त होऊन त्याला सात महिने झाले होते. एकतीस वर्षं तो वजनमापं तपासणाऱ्या खात्यात होता. पितळी वजनांची लाकडी पेटी घेऊन दुकानांत, गोदामांत, दवाखान्यांत जायचं, काट्यावर एकेक वजन ठेवायचं, आकडा बघायचा, शिक्का मारायचा. जाईल तिथे त्याला काटेवाला म्हणत, आणि बायको चिडली की तीही तेच म्हणे. हजारो काटे त्याने उघडले असतील, स्क्रू पिळले, तारा जोडल्या. पण प्रत्येकाच्या पोटात एक काळी, चाळीस पायांची चिप असे आणि तिच्यात काय चालतं ते काही त्याला कधी कळलं नाही. इतकी वर्षं जिच्या शब्दावर आपण शिक्के मारले, ती बोलते तरी काय, असं त्याला वाटायचं. म्हणून असेंब्ली. चिपची स्वतःची भाषा. हे घे, ते तिथे ठेव, यातून ते वजा कर, शून्य झालं तर तिकडे उडी मार. बस्स, एवढंच. विशेषण नाही, सबब नाही. नोकरीत सगळा जन्म अर्ज, टिपणं आणि ‘विचाराधीन’ यांत गेलेल्या माणसाला ही भाषा फार स्वच्छ वाटली. भंगारात निघालेले तीन-चार काटे त्याने रीतसर मागून घरी आणले होते. त्यातला हा एक. चिपमधला प्रोग्रॅम वाचणारं छोटं यंत्र घेतलं, पानं पिवळी पडलेलं एक पुस्तक मिळवलं, आणि स्वयंपाकघरातल्या आठ वाट्या उचलून टेबलावर मांडल्या. प्रत्येक वाटी म्हणजे चिपमधला एक खाना. कागदाच्या कपट्यांवर आकडे लिहायचे आणि हुकमागणिक या वाटीतून त्या वाटीत टाकायचे. “लोक निवृत्त झाले की बाहेर फिरायला जातात,” बायको म्हणे, “तुम्ही घरातल्या घरात हरवता. माझ्या वाट्या कधी मोकळ्या होणार?” “थांब जरा,” तो म्हणे, “हातचा आहे.” ती कपाळाला हात लावी. त्या सात महिन्यांत तो सुखी होता, अगदी लाज वाटण्याइतका.

हातचा. पुस्तकात त्याला कॅरी म्हटलं होतं, पण तिसरीत शिकलेला शब्द काही जिभेवरून जात नाही. चिपच्या एका वाटीत दोनशे पंचावन्नच्या वर आकडा मावत नाही. बाळाचं वजन त्याहून मोठं, म्हणून ते दोन वाट्यांत मांडायचं, एक खालची, एक वरची. वरच्या वाटीतला एक म्हणजे खालच्या वाटीतले दोनशे छप्पन्न. काट्यावर बाळ ठेवलं की एकूण भारातून ट्रेचं वजन वजा करायचं; आधी खालची वाटी, मग वरची. खालच्या वाटीत पुरेसं नसलं की वरच्या वाटीकडून एक हातचा घ्यायचा, आणि तो घेतल्याची खूण चिप एका कोपऱ्यात, एका बारीकशा निशाणात ठेवते. दोन हुकमांच्या मध्ये ते सगळं वजन त्या एका निशाणावर तोललेलं असतं. आणि नेमकं त्याच वेळी कुणी बटण दाबलं तर? बाळं हलतात, आकडा नाचतो, म्हणून या काट्याला आकडा धरून ठेवायचं एक बटण होतं. बटण दाबलं की चिप हातातलं काम टाकून बटणाकडे धावते आणि परत येऊन उरलेलं काम पुरं करते. जाताना हातातलं सगळं नीट बाजूला ठेवायचं, आल्यावर पुन्हा उचलायचं. वाट्या ठेवायचा एक हुकूम, निशाणाचा दुसरा. या प्रोग्रॅममध्ये असे बाहेर धावायचे तीन प्रसंग होते. दोन ठिकाणी दोन्ही हुकूम होते. तिसरा प्रसंग बटणाचा. तिथे पहिला होता, दुसरा नव्हता. चिप बटणाकडे जाई, तिथली स्वतःची आकडेमोड करी, परत येई तेव्हा हातचा पुसलेला असे. वजाबाकी पुरी होई, फक्त दोनशे छप्पन्नने जास्त. आणि तोच आकडा, बटण दाबलेलं म्हणून, पडद्यावर गोठून राही.

त्याने समासात पेन्सिलीने लिहिलं, २०२६, खाली २५६, आणि रेघ मारली. २०२६ हा आकडा वहीत कुठेच नव्हता. पुस्तकातही नव्हता. हात आपोआप गेला होता. उत्तर आलं एक हजार सातशे सत्तर. ‘खरं वजन फार तर पावणेअठराशे असेल,’ एका जुन्या चौकशीत डॉक्टर म्हणाला होता. काचेच्या भिंतीपलीकडे बाळांच्या पेट्या होत्या, अलीकडे तो, डॉक्टर, मेट्रन, कारकून आणि एक सिस्टर असे पाचजण उभे होते, फिनेलचा वास होता, आणि बावीस वर्षं त्याने त्या खोलीचा विचार केला नव्हता असं त्याला वाटत होतं. आता दिसलं की विचार केला नव्हता इतकंच, खोली तिथेच होती. दिवस पुरे व्हायच्या आधी जन्मलेलं एक बाळ. दोन किलो भरलं की घरी सोडायचं, असा त्या वॉर्डचा नियम. सिस्टरने वजन केलं, लिहिलं २०२६. आदल्या आठवड्यापेक्षा खूप जास्त होतं, पण आदल्या आठवड्याचं वजन दुसऱ्या कुणी घेतलेलं, वॉर्डात चाळीस बाळं आणि दोन नर्सेस, आणि वाढलेलं वजन बघून कुणाला वाईट वाटतं? बाळ घरी गेलं. तीन दिवसांनी परत आलं ते गार पडून, वजन सतराशे दहा. दुसऱ्या दिवशी सकाळी गेलं. तीन दिवसांत तीनशे ग्रॅम कुठे गेले, हे शोधायला चौकशी बसली. काटा खोटा की नर्स खोटी, एवढाच प्रश्न होता, आणि काटा त्याच्या हातात होता.

त्याने पेटी उघडली, मखमलीतून वजनं उचलली. पाचशे, हजार, दीड हजार, दोन हजार. एका ग्रॅमचा फरक नाही. सिस्टर शेजारी उभी होती, चाळिशीची, बांध्याने ठेंगणी, डोळे सुजलेले पण आवाज खणखणीत. ती म्हणाली, “तुमची वजनं रडत नाहीत, हातपाय झाडत नाहीत. बटण दाबून बघा ना. आम्ही दर वेळी बटण दाबतो.” तो म्हणाला, “अहो बाई, वजनं हलत नाहीत, बटण कशाला दाबू?” ती म्हणाली, “हलत नाहीत म्हणूनच तुम्हाला कळत नाही.” कारकून फिसकन हसला. मेट्रनच्या ओठांचा कोपराही हलला. एवढंच. पण ते त्याच्या नाकाला झोंबलं. पस्तिशीचा होता, नवीन बढती मिळाली होती, आणि एका नर्सने चारचौघांत त्याचं काम त्यालाच शिकवलं. अहवालाच्या कागदावर त्याने लिहिलं, ‘यंत्रात दोष आढळला नाही.’ हे वाक्य त्याचं काम होतं, आणि त्या दिवशी त्याला जे दिसलं त्याला धरून होतं. पण त्याने पेन तिथे थांबवलं नाही. पुढे लिहिलं, ‘नोंद घेताना चूक झालेली असावी.’ हे दुसरं वाक्य त्याला कुणी विचारलं नव्हतं. त्याच वाक्यावर चौकशी मिटली. सिस्टरला बाळांच्या वॉर्डातून काढलं आणि तळघरात चादरी-टॉवेलच्या भांडारात बसवलं, असं त्याला पुढे कुणीतरी सांगितलं. तेव्हा तो ‘असं का’ म्हणाला होता आणि विषय बदलला होता.

दोन दिवस त्याने चिपच्या बाजूने आणि विरुद्ध सगळी वकिली करून पाहिली. हा काटा तोच नव्हता, त्याच बनावटीचा दुसरा होता; त्यातला प्रोग्रॅम वेगळा असेल. पण चिपवरचा प्रोग्रॅमचा छापील अंक वर्षानुवर्षं एकच होता, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत? बरं, हजारदा बटण दाबलं तर एखाद वेळी ती वेळ नेमकी जुळेल. मग नेमकी त्याच दिवशी कशाला जुळावी? पण दिवसाला ऐंशी वेळा दाबलं तर कधीतरी जुळणारच, आणि ज्या दिवशी जुळेल तो ‘नेमका तोच दिवस’ होणार. मला तेव्हा असेंब्ली येत नव्हती. हे त्याला सगळ्यात भक्कम वाटलं. जेवताना त्याने ते मनातल्या मनात तीनदा म्हटलं. मला येत नव्हती, कुणालाच येत नव्हती, आमच्या नियमावलीत बटणाचा उल्लेख नाही. आणि तिथेच ते वाक्य ओशाळवाणं होऊन गळून पडे, कारण बटण दाबायला असेंब्ली यावी लागत नाही. बोट लागतं. “काय हो, घास हातातच राहिलाय,” बायको म्हणाली. “पोट बरं नाही?” त्याने मान हलवली. घास ताटात परत ठेवला.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्याने काटा मेजावर नीट मांडला, विजेला जोडला, आणि पेटीतून हजार, पाचशे, दोनशे, पन्नास, वीस अशी वजनं काढून ट्रेमध्ये ठेवली. एक हजार सातशे सत्तर. मग बटण दाबायला लागला. दाबायचं, आकडा बघायचा, सोडायचं, पुन्हा दाबायचं. शंभर झाले की वहीत एक रेघ. एक हजार सातशे सत्तर. एक हजार सातशे सत्तर. हे येऊच नये असं त्याला वाटत होतं आणि आलं नाही तर काय करायचं तेही कळत नव्हतं. दुसऱ्या दुपारी अंगठा सुजला. बायको इस्त्रीचे कपडे घड्या करून तिथेच येऊन बसली. “मला सांगणार आहात का, की मी असंच बघत राहू?” मग त्याने सांगितलं. सगळं नाही, काटा, बटण, हातचा, एवढं सांगितलं. बाळाचं आणि दुसऱ्या वाक्याचं सांगितलं नाही. ती म्हणाली, “द्या इकडे, तुमचा अंगठा बघा काय झालाय.” ती दाबत राहिली आणि तो रेघा मारत राहिला. तिला ते काम आवडलंसुद्धा, निवडायला बसल्यासारखी ती लयीत दाबत होती, मधेच भावाच्या घराच्या रंगकामाबद्दल बोलत होती. रेघा चौतीस झाल्या होत्या. “अगंबाई,” ती म्हणाली, “हे काय? दोन हजार सव्वीस.” आणि आकडा धरला गेला होता म्हणून ती आनंदाने त्याच्याकडे वळली, “सापडलं ना हो? हेच हवं होतं ना?” त्याचा चेहरा बघून तिचा हात बटणावरून खाली आला. मग त्याने उरलेलं सांगितलं. तिने मांडीवरचे घड्या केलेले कपडे बाजूला ठेवले. नंतर उठून वजनं एकेक करून ट्रेमधून काढायला लागली, जणू ती तिथे ठेवणं बरं नव्हतं. “ती बाई आहे का अजून?” एवढंच तिने विचारलं.

ती होती. दवाखान्याच्या जुन्या कारकुनाकडून पत्ता मिळाला. भावाच्या घरी राहत होती, दुसऱ्या मजल्यावर, गच्चीलगतच्या खोलीत. जाण्याआधी त्याने चार पानी निवेदन तयार केलं. त्यासाठी चार दिवस घेतले. प्रोग्रॅमचा भाग, सुटलेली ओळ, वजाबाकीची आकृती, चौतीसशे चाचण्यांचा तपशील, आणि शेवटी, सदर नोंद नर्सच्या चुकीमुळे झालेली नसून यंत्रातील दोषामुळे झालेली होती, असा निष्कर्ष. हे दवाखान्याला द्यायचं, खात्याला द्यायचं. लिहिताना त्याला जरा बरंही वाटलं. इतकं नेटकं टिपण त्याने नोकरीत कधी केलं नव्हतं. वाटेत त्याने सिस्टरच्या तोंडी किती तरी वाक्यं घालून पाहिली. ती ओरडेल. रडेल. म्हणेल, एवढी वर्षं झोपला होतात का. प्रत्येकाला त्याच्याकडे उत्तर होतं, आणि प्रत्येक उत्तर ‘मला तेव्हा’ने सुरू होत होतं.

तिने ओळखलं नाही. “मी काटेवाला,” तो म्हणाला, आणि तिने दार पुरतं उघडलं. केस पांढरे, बांधा तोच ठेंगणा. खोलीत एक पलंग, दोन खुर्च्या, आणि कपाटात टॉवेल अशा घड्या करून ठेवलेले की एकाची कड दुसऱ्याच्या बाहेर नाही. त्याने सांगायला सुरुवात केली. वाटेत ठरवलेला क्रम विसरला, आधी हातचा सांगितला, मग बटण, मग पुन्हा मागे गेला. ती ऐकत होती. तो थांबला तेव्हा म्हणाली, “दोन हजार सव्वीस. मला ठाऊक आहे. मी वाचलं होतं ना.”

“म्हणजे तुम्हाला... तुम्हाला कधी वाटलं नाही, की आपलंच चुकलं असेल?”

“एक दिवस नाही.” ती अगदी सहज म्हणाली. “तळघरात बसून पहिलं वर्ष मी भेटेल त्याला सांगायचे, काटा खोटा होता म्हणून. लोक मान हलवायचे. मग एक दिवस त्या बाळाची आई आली. काय मागायला आली होती कोण जाणे. तिच्या सासूने सगळ्या घराला सांगितलं होतं, हिच्या अंगातच ऊब नाही, हिने लेकरू गार पाडलं. तिलाही ते पटलं होतं. दवाखाना म्हणतो यंत्र बरोबर, मी म्हणते मी बरोबर. मग उरलं कोण? तीच ना.” सिस्टर थांबली. “मी तिला म्हटलं, बाई, माझंच चुकलं. माझे डोळे चुकले. तुझं बाळ घरी पाठवायला नको होतं, मी पाठवलं.”

त्याने मांडीवरची चार पानं उगाच सारखी केली.

“ती मला मारेल असं वाटलं होतं. तिने माझे हात धरले. म्हणाली, मी तुम्हाला माफ केलं, आता मला झोप येईल. तेव्हापासून येणंजाणं आहे. नंतरची दोन मुलं झाली तिला, मावशी म्हणतात मला. दोन गल्ल्या टाकून राहते.” तिने हात पुढे केला. “तो कागद बघू.”

ती चष्मा लावून वाचत होती आणि तो तिच्या चेहऱ्याकडे बघत होता. चार पानं तिने पुन्हा पहिल्यापासून चाळली. त्याला वाटलं, आकृती समजली नसेल, आणि तो खुर्ची पुढे ओढून समजावायला लागला. तिने हाताने थांबवलं.

“यात तुम्ही कुठे आहात?”

“म्हणजे?”

“चिप आहे. ओळ आहे. ती लिहायला विसरलेला माणूस आहे, तो बिचारा कुठे असेल देव जाणे. मी आहे. तुम्ही काही सापडत नाही मला.”

“खाली सही केलीय,” तो म्हणाला, आणि म्हणताना त्याला स्वतःचाच आवाज त्या पस्तिशीतल्या माणसाचा वाटला, आणि त्याची मान खाली गेली. तिने पलंगावरची वही सरकवली, वर शेवटचं पान ठेवलं. तिने पेन दिलं नाही, ते त्याच्याच खिशात होतं. सहीच्या वर थोडी जागा होती. त्याने लिहिलं, ‘बटण दाबून पाहा, असं सिस्टरने मला त्या वेळी सांगितलं होतं. मी दाबलं नाही.’ हात थांबला. एकतीस वर्षं अहवाल लिहिणाऱ्या त्या हातातून असं वाक्य कधी उतरलं नव्हतं. कारकुनाचं हसू आठवलं, तेही लिहावंसं वाटलं, मग कळलं की त्यात पुन्हा कुणाला तरी पुढे करणं आहे. त्याने लिहिलं, ‘मला राग आला होता. नोंद घेताना चूक झाली, हे वाक्य मी रागाने लिहिलं. ते मला कुणी विचारलं नव्हतं.’ अक्षर वेडंवाकडं आलं. ती शेजारी उभी राहून वाचत होती. तिच्या श्वासात बदल झाला, आणि तेव्हा कुठे त्याला समजलं की ती आपल्याला वाटली तेवढी शांत नाही.

“चला,” ती म्हणाली. दाराजवळच्या चपला पायाने सरळ करत होती.

“कुठे?”

“तिच्याकडे.”

“आत्ता?” त्याची पाचावर धारण बसली. “अहो, पण... तुमचं तिच्याशी एवढं चांगलं आहे. तुम्ही तिला खोटं सांगितलंत हे आज तिला कळेल. ती तुम्हाला परत दारात उभं करील की नाही...”

“नाही करायची कदाचित.” तिने पदर सारखा केला. डोळे भरले होते, पण ती त्याच्याकडे सरळ बघत होती. “मुलं मोठी झालीत तिची, आता सोसेल तिला. मला सोसेल की नाही ते बघू. पण तिने भलत्याच माणसाला माफ केलंय हो. आता खरा माणूस माझ्या घरी येऊन बसलाय, तर त्याला नुसता चहा पाजून परत पाठवू?”

दोन गल्ल्यांचं अंतर फार थोडं निघालं. जिन्यात कुणीतरी नुकतीच फरशी पुसली होती, पाय जपून टाकावे लागत होते. वाटेभर ती पुढे चालत होती आणि तो मनात पहिलं वाक्य जुळवत राहिला. एकही धड जुळेना. ‘मला तेव्हा’ने सुरू होणारी सगळी त्याने एकेक करून टाकून दिली, आणि मग त्याच्याजवळ काहीच उरलं नाही. तिसऱ्या मजल्यावर तिने घंटा वाजवली. आतून ‘आले, आले’ असा एका बाईचा आवाज आला, आणि पावलं. सिस्टर दोन पायऱ्या मागे उतरली, आणि दारासमोर तो एकटा उभा राहिला.